परदेशातल्या बालगृहातून मोठं मूल दत्तक घेताना: फाइल, कागद आणि पहिले महिने

अंगणवेल:

नमस्कार. आमचा गृहभेट अहवाल (आम्ही दत्तक घ्यायला योग्य आहोत का, याची घरी येऊन केलेली तपासणी) मंजूर झाला आहे. सात ते दहा वर्षांचं मूल घ्यायची तयारी आहे असं आम्ही लिहून दिलंय. परदेशातल्या एका बालगृहात असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाची फाइल लवकरच येईल, असं संस्थेकडून कळलंय. घरात सहा वर्षांची मुलगी आहे.

तान्ह्या बाळाच्या दत्तकाबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं. मोठ्या मुलाबद्दल जे मिळतं ते एक तर फार गोड असतं किंवा छातीत धडकी भरवणारं. म्हणून इथल्या जाणत्यांना विचारते. होकार देण्याआधी फाइलमध्ये काय बघायचं आणि काय विचारून घ्यायचं? कायद्याच्या बाजूने गाडं कुठे अडतं? मुलाची भाषा आम्हाला येत नाही, आमची त्याला येत नाही. पहिले महिने कसे निभवायचे? शाळेत कधी घालायचं? नेमकी माहिती मिळाली तर फार बरं होईल.

धोपटमार्ग:

आधी कायद्याचं सांगतो. तिथे क्रम चुकला की मूल दोन देशांच्या मध्ये अडकतं, आणि मग चांगले वकीलही हात टेकतात.

मुलाचा देश आणि तुम्ही राहता तो देश, दोन्ही १९९३ च्या हेग दत्तक करारात (परदेशी दत्तकाचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) आहेत का, हे सर्वांत पहिल्यांदा बघा. असतील तर काम दोन्हीकडच्या मध्यवर्ती प्राधिकरणांमार्फत (त्या त्या देशाने या कामासाठी नेमलेली अधिकृत यंत्रणा) किंवा मान्यताप्राप्त संस्थांमार्फत चालतं. आधी तुमचा अहवाल जातो (कलम १५), मग मुलाचा अहवाल येतो (कलम १६), मग दोन्ही देश हे दत्तक पुढे न्यायला संमती देतात (कलम १७), आणि त्यानंतरच मूल तुमच्या ताब्यात देता येतं. दत्तकाचा हुकूम ज्या देशात होतो तिथून शेवटी कलम २३ चं प्रमाणपत्र मिळतं आणि त्याच्या जोरावर बाकीचे सदस्य देश हे दत्तक मान्य करतात. कलम १७ ची संमती कोणी दिली आणि कधी दिली, हे त्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं असावं लागतं. हातात पडल्याबरोबर तेवढ्या ओळी तपासा. संमतीची तारीख मूल ताब्यात दिल्याच्या तारखेनंतरची दिसली तर तिथल्या तिथे विचारा.

नेहमी होणारा घोटाळा असा, की लोक परस्पर तिथल्या कोर्टातून हुकूम मिळवतात आणि मग व्हिसा मागायला जातात. कलम १७ ची पायरीच गाळलेली असते, त्यामुळे व्हिसा अडतो. मूल कायद्याने त्यांचं होतं, पण राहतं तिथेच.

वयाकडे लक्ष ठेवा. नऊ वर्षांच्या मुलाला आज अडचण नाही, पण फाइल रेंगाळली की वय वाढतं. अमेरिकेसाठी, उदाहरणार्थ, दत्तक मुलाचा अर्ज ते १६ वर्षांचं व्हायच्या आत दाखल व्हावा लागतो. काही देशांत ठरावीक वयानंतर मुलाची संमती कोर्टात घेतात आणि तो आकडा देशागणिक बदलतो. मुलाचं कोणतं वय कोणत्या टप्प्यावर लागतं, हे संस्थेकडून लेखी घ्या.

मुलाच्या संमतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे फार घाई होते. कराराच्या कलम ४ नुसार मुलाचं वय आणि समज पाहून त्याला समुपदेशन मिळायला हवं, दत्तकाचा अर्थ सांगायला हवा, त्याची इच्छा विचारात घ्यायला हवी. जिथे संमती लागते तिथे ती मोकळेपणाने आणि लेखी दिलेली असावी, पैसे किंवा मोबदला देऊन मिळवलेली नसावी. कागदावर सही असतेच. तुम्ही विचारा, की त्याला कोणी समजावलं, किती वेळा, कोणत्या शब्दांत? देश सुटणार आहे, भाषा सुटणार आहे, खोलीतले मित्र रोज भेटणार नाहीत, हे त्याला सांगितलंय का? ‘मोठं घर आणि सायकल मिळेल’ एवढंच सांगून ‘हो’ म्हणायला लावलेलं मूल दोन महिन्यांनी परत जायचं म्हणून रडू लागतं. त्यात त्याचा काही दोष नाही.

दुसरं, ‘अनाथ’ हा शब्द जपून वाचा. बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात. नऊ वर्षांच्या मुलाला ते आठवतात. पालकांचा हक्क कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणाने संपला, तो कोर्टाचा हुकूम फाइलमध्ये आहे का? शेवटची भेट कधी झाली? भावंडं आहेत का, ती कुठे आहेत, त्यांना वेगळं करायचा निर्णय कोणी घेतला? भावंडाची गोष्ट घरी आल्यावर मुलाच्या तोंडून कळली, असं होऊ देऊ नका.

पैशांच्या बाबतीत कलम ३२ स्पष्ट आहे: फक्त खर्च आणि कामाचं वाजवी शुल्क. बालगृहाला रोख ‘देणगी’, पावतीशिवाय रक्कम, फाइल येण्याआधीच ठरावीक मूल दाखवून मागितलेली आगाऊ रक्कम, यातलं काहीही दिसलं की थांबा. कलम २९ प्रमाणे संमतीच्या अटी पूर्ण होईपर्यंत तुम्ही मुलाच्या आईवडिलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी परस्पर संपर्क करायचा नसतो. कुटुंबातल्या कुटुंबातलं दत्तक असेल किंवा प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली असेल तरच सवलत असते. कोणी मध्यस्थ ‘चला, आईला भेटवतो’ म्हणाला तर जाऊ नका.

नागरिकत्व हे दत्तकाबरोबर आपोआप येतं असं धरून चालू नका. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून कोरियातून हजारो मुलं दत्तक गेली. त्यातल्या अनेकांच्या पालकांनी नागरिकत्वाचा अर्ज केलाच नाही. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा सन २००० चा कायदा २७ फेब्रुवारी २००१ रोजी ज्यांचं वय १८ च्या आत होतं त्यांनाच लागू झाला, आणि त्यापेक्षा मोठे असलेले असे अनेक दत्तक लोक नागरिकत्वाविना राहिले. काहींना तर परत पाठवलं गेलं. म्हणून घरी पोचल्यावर पासपोर्ट आणि नागरिकत्वाचा दाखला, दोन्ही हातात येईपर्यंत फाइल बंद करू नका. दत्तक ‘साधं’ आहे की ‘पूर्ण’, हेही विचारा. साध्या दत्तकात जन्मदात्यांशी असलेलं कायदेशीर नातं तुटत नाही. कलम २७ नुसार ते स्वीकारणाऱ्या देशात पूर्ण दत्तकात बदलता येतं, पण त्यासाठी जन्मदात्यांची तशी संमती आधीच घेतलेली असावी लागते.

आणि धोरणं रातोरात बदलतात. ग्वाटेमालाने २००७ च्या अखेरीस दारं बंद केली, रशियाने २०१३ पासून अमेरिकन पालकांना मनाई केली, इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं, चीनने २०२४ मध्ये नातेवाइकांपुरता अपवाद ठेवून थांबवलं. मध्येच देश बंद झाला तर चालू फाइलचं काय होतं, हे संस्थेला आजच विचारा. उत्तरावरून संस्था कितपत तयारीची आहे तेही कळतं.

स्टेथोस्कोप:

फाइलमधल्या वैद्यकीय भागाबद्दल लिहिते. होकार देण्याआधी ती आंतरराष्ट्रीय दत्तकांचं काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा. रोजच्या ओळखीतले डॉक्टर चांगले असले तरी या फाइली वाचायची सवय वेगळी लागते.

एका तारखेचं वजन-उंची फारसं काही सांगत नाही. जन्मापासूनची सगळी मापं मागा, डोक्याच्या घेरासकट. संस्थेत वाढणाऱ्या लहान मुलांची उंची दर तीन महिन्यांमागे साधारण एक महिन्याने मागे पडते, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे नऊ वर्षांचं मूल सातचं दिसलं तर तेवढ्याने घाबरू नका. घरी आल्यावर पहिल्या सहा ते बारा महिन्यांत उंची-वजन बरंच भरून निघतं. डोक्याचा घेर मात्र सुरुवातीपासूनच फार कमी असेल आणि त्यात काहीच प्रगती नसेल तर ते गंभीरपणे विचारायचं लक्षण आहे.

गरोदरपणात आईने दारू घेतली होती का, हा प्रश्न थेट विचारा. फाइलमध्ये बहुतेक वेळा तो रकाना रिकामा असतो. चेहऱ्याचा समोरून, न हसता काढलेला स्पष्ट फोटो मागा: नाक आणि वरच्या ओठामधली खळी सपाट, वरचा ओठ पातळ, डोळ्यांची फट आखूड, असं तिन्ही दिसलं तर तज्ज्ञाला दाखवावं. हसऱ्या फोटोत ओठ ताणला जातो आणि खळी सपाट दिसते, म्हणून ‘न हसता’.

जुन्या सोव्हिएत पद्धतीच्या देशांतल्या फाइलींत ‘पेरिनेटल एन्सेफॅलोपॅथी’ (जन्माच्या सुमाराची मेंदूची इजा) किंवा ‘ऑलिगोफ्रेनिया’ (बौद्धिक मंदत्व) असे शब्द सर्रास असतात. तिकडे ते फार सैलपणे वापरले गेलेत. त्यामागे खरा आजार असतो किंवा अजिबात नसतोही. निदान कोणी केलं, कोणत्या तपासणीवरून केलं, कधी केलं, हे विचारल्याशिवाय घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका.

व्हिडिओ मागा. गाणं म्हणतानाचा, हार घातलेला कार्यक्रमातला नको. दोन-तीन मिनिटांचा साधा व्हिडिओ हवा: जिना चढताना-उतरताना, पेन्सिल धरून स्वतःचं नाव लिहिताना, ओळखीच्या बाईंशी बोलताना. भाषा कळली नाही तरी त्या बाईंच्या तोंडाकडे तो बघतो का, उत्तर किती लांब देतो, हे दिसतं. त्याची भाषा बोलणाऱ्याकडून तोच व्हिडिओ ऐकून घ्या: वाक्यं वयाला शोभणारी आहेत का, उच्चार स्पष्ट आहेत का? मातृभाषेतच बोलणं मागे असेल तर नवी भाषा शिकताना ते आणखी जड जातं.

बालगृहाला विचारायचे प्रश्न: कितव्या वर्षी आला, त्याआधी कुठे होता, आतापर्यंत किती संस्था बदलल्या, आधी कुठल्या कुटुंबाने नेऊन परत आणलंय का, रात्री कसा झोपतो, अंथरूण ओलं होतं का, मार खाल्ला आहे का, मोठ्या मुलांनी त्रास दिला आहे का, लैंगिक अत्याचाराची काही नोंद किंवा शंका आहे का, प्राण्यांशी आणि लहान मुलांशी कसा वागतो. शेवटचे तीन प्रश्न विचारायला जड जातात. घरात सहा वर्षांची मुलगी आहे म्हणून ते विचारलेच पाहिजेत.

प्रवासाच्या आधी तुमच्या तिघांच्या लसी पूर्ण करा. हिपॅटायटिस ए आणि बी, गोवर. बी च्या तीन डोसांना सहा महिने लागतात, म्हणून आजच सुरुवात करा. घरी येऊन-जाऊन राहणाऱ्या आजीआजोबांनाही ए ची लस द्या, मूल पोचायच्या निदान दोन आठवडे आधी.

मूल घरी आल्यावर दोन आठवड्यांच्या आत तपासणी: हिमोग्राम, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयरोगाची चाचणी, थायरॉइड, रक्तातलं शिसं, ड जीवनसत्त्व, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले शौचाचे तीन नमुने, डोळे, कान, दात. बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) व्रण आहे म्हणून क्षयाची चाचणी टाळू नका. अशा मुलांसाठी रक्ताची चाचणी त्वचेवरच्या चाचणीपेक्षा बरी. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेल्या असतील आणि शौच तपासणी स्वच्छ असेल तरी जंत नाहीत असं समजू नका, स्ट्रॉंगिलॉइड्स या जंतासाठी रक्त तपासा. तिकडे केलेल्या चाचण्यांवर विसंबू नका, सगळं पुन्हा करा. एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि क्षयरोग या चाचण्या सहा महिन्यांनी पुन्हा करायच्या असतात; येण्याच्या थोडं आधी लागण झाली असेल तर पहिल्या वेळी ती दिसत नाही. ही दुसरी फेरी बहुतेक लोक विसरतात.

लसीकरणाचं कार्ड असेल तरी रक्तातली प्रतिपिंडं तपासा, किंवा सरळ पुन्हा लसी द्या. सगळ्या तारखा एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात, महिन्याच्या पहिल्या तारखेला टाकलेल्या दिसल्या तर कार्ड बसून एकदाच भरलेलं असण्याची शक्यता मोठी.

वयाबद्दल एक सांगते. जन्मतारीख अंदाजे लिहिलेली असू शकते. पण आल्या आल्या मनगटाचा एक्स-रे काढून वय ‘दुरुस्त’ करायला धावू नका. कुपोषणात हाडांचं वय मागे राहतं, चांगलं खाणं मिळालं की झपाट्याने पुढे सरकतं. निदान एक वर्ष थांबा, दात आणि वाढ दोन्ही बघा, मग ठरवा. आणि झपाट्याने वाढ झाल्यावर परदेशातून आलेल्या मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, वयात येणं लवकर सुरू होऊ शकतं. मुलींत आठच्या आधी, मुलांत नऊच्या आधी चिन्हं दिसली तर हार्मोनतज्ज्ञाकडे जा.

अंगणवेल:

दोघांचेही मनापासून आभार. लसींचं तर डोक्यातच नव्हतं. दोन शंका आहेत. संस्थेत जास्त वर्षं राहिलेलं मूल ‘कधीच सावरत नाही’ असं नातेवाईक ऐकवतात. त्यात कितपत तथ्य आहे? आणि भेट कशी असते, पहिल्या दिवशी आम्ही काय करायचं?

स्टेथोस्कोप:

पहिल्या शंकेला उत्तर देते. १९८९ नंतर रोमानियातल्या संस्थांमधून ब्रिटनमध्ये दत्तक आलेल्या मुलांचा तरुणपणापर्यंत पाठपुरावा झाला आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ तिथे राहिलेल्या मुलांमध्ये लक्ष न टिकणं, अनोळखी माणसांशी अति सलगी, अशा अडचणी मोठेपणीही राहिल्या, हे खरं. पण त्याच गटात साधारण पाचातल्या एकाला कोणत्याच टप्प्यावर मोठी अडचण आली नाही, आणि लहानपणी मागे असलेली बुद्धिमत्ता तरुणपणापर्यंत सर्वसाधारण पातळीला आली. त्या संस्थांची अवस्था भयानक होती. आजचं प्रत्येक बालगृह तसं नसतं. म्हणून मूल किती वर्षं संस्थेत होतं याच्याइतकंच, त्याआधी घरात होतं का आणि संस्थेत एकच माणूस त्याला सांभाळत होता का, हे महत्त्वाचं. चार वर्षांपर्यंत आजीजवळ वाढलेलं मूल आणि जन्मापासून संस्थेत असलेलं मूल, दोघंही फाइलवर ‘नऊ वर्षं, संस्थेत’ एवढेच दिसतात. नातेवाइकांना सांगा की सावरणं होतं, पण वर्षांच्या हिशेबाने होतं, आणि त्यासाठी थेरपिस्टची वेळ आजच घेऊन ठेवावी लागते.

बाराखडी:

भेट, भाषा आणि शाळा माझ्याकडे.

भेटीची पद्धत देशाप्रमाणे बदलते. बल्गेरियात दोनदा जावं लागतं आणि पहिल्या वेळी मुलासोबत किमान पाच दिवस घालवायचे असतात. काही देशांत एकच लांब मुक्काम असतो. काहीही असलं तरी आधी एक फोटोवही पाठवा. पंधरा-वीस पानं पुरेत. पहिल्या पानावर तुम्ही तिघं, खाली तुमची नावं आणि तो तुम्हाला काय हाक मारू शकतो ते. मग घराचं दार, त्याची झोपायची जागा, संडास-न्हाणीघर, जेवायची जागा, शाळेचा रस्ता, घरातला प्राणी. ओळी त्याच्या भाषेत, माणसाकडून लिहवून घेतलेल्या. घर जसं आहे तसंच दाखवा, आवरून सजवून नको. खेळण्यांनी भरलेली खोली दाखवली तर त्याचं सगळं लक्ष तिकडेच जातं.

पहिल्या दिवशी मिठी मारू नका. शेजारी बसा, समोर नको. हातात करायला काहीतरी ठेवा: पत्ते, चित्रकलेची वही, चेंडू. भेटवस्तू छोटी आणि एकच, शिवाय खोलीतल्या बाकीच्या मुलांना वाटता येईल असं काही. निघायच्या आधी हे गोळा करा: त्याच्या पलंगाचा, खिडकीबाहेरच्या दृश्याचा, स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा, मित्रांचा फोटो; सांभाळणाऱ्या बाईंनी त्याच्याशी बोललेलं ध्वनिमुद्रण; दिवसाचं वेळापत्रक; तो वापरतो तो साबण. अंगावरचे कपडे सोबत आणता आले तर आणा आणि लगेच धुऊ नका. पुढे केव्हातरी तो त्या फोटोंतलं एक एक नाव विचारेल आणि तेव्हा ती मिळवायला कोणी नसेल.

त्याच्या भाषेतली चाळीस-पन्नास वाक्यं तुम्ही दोघांनी पाठ करा. नमस्कार-चमत्काराची नकोत, कामाची हवीत: दुखतंय का, कुठे? भूक लागली? शू लागली? पाणी हवंय? हे गरम आहे. इथे झोपायचं. दिवा राहू दे का? मी बाहेर जातेय, जेवायच्या आत परत येईन. मी रागावलेली नाही. आज कोणी तुला न्यायला येणार नाही. ही शेवटची दोन फार लागतात.

फोनवरचं भाषांतर ‘बूट घाल’साठी ठीक आहे. आई कुठे आहे, परत कधी जायचं, अशा बोलण्यासाठी ते वापरू नका. चुकीचा शब्द गेला तर दुरुस्त करायची सोय नसते. व्हिडिओवरचा दुभाषा पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्याअखेर आणि मग दर पंधरा दिवसांनी ठरवून ठेवा, सगळं शांत असलं तरी. भांडण झाल्यावर दुभाषा शोधायला गेलं की मुलाच्या मनात दुभाषा म्हणजे शिक्षा असं बसतं.

खाण्याबद्दल. बरीच मुलं अन्न लपवतात. उशीखाली अर्धं केळं, खिशात ब्रेडचा चुरा, कपाटात बुरशी आलेला लाडू सापडतो. ही चोरी नव्हे, रागवू नका. झाकणाचा एक डबा त्याचा म्हणून द्या, त्यात न नासणारं खाणं ठेवा, त्याच्यासमोर रोज संध्याकाळी भरा, आणि डबा कधीही शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. जेवण-खाणं दर अडीच-तीन तासांनी, घड्याळ लावून. डबा रिकामा करायचं थांबायला महिने लागतात, एक दिवस तो विसरून जातो आणि तेच हवं असतं. दुधाने पोट बिघडत असेल तर हट्ट करू नका, ते पचत नसेल.

झोप. आठ-दहा मुलांच्या खोलीत झोपलेल्या मुलाला एकटी खोली हे बक्षीस वाटत नाही. तुमच्या खोलीत वेगळं अंथरूण, किंवा त्याच्या दाराशी तुमच्यापैकी एक जण, आणि दिवा चालू. तुमच्या मुलीच्या खोलीत मात्र त्याला ठेवू नका, तो कितीही गोड वागला तरी. पहिले काही महिने दोन्ही मुलं एकत्र खेळताना मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवंच. अंघोळीचं साबण-नळ एकदा दाखवा, मग दार त्याचं. अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं, हा नियम सगळ्यांना सारखा, त्याच्यासकट.

पहिले चार ते आठ आठवडे तो फार शहाण्यासारखा वागू शकतो. मग एकदम फेकाफेक, खोटं बोलणं, ‘मला परत पाठवा’. याचा अर्थ बिघडलं असा घेऊ नका. हे घर टिकतं का ते तो तपासत असतो. एकट्याला खोलीत बसवणं ही शिक्षा देऊ नका. शेजारी बसवा, शब्द कमी, आवाज खाली. आणि ‘परत पाठवीन’ हे वाक्य घरातल्या कोणीही, कधीही, रागाच्या भरातसुद्धा उच्चारायचं नाही. आजीआजोबांना हे आधीच सांगा. त्यांना हेही सांगा, की पहिले तीन-चार महिने खाऊ देणं, जवळ घेणं, औषध देणं हे फक्त आईबाबांनी करायचं. पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसणारं मूल लाघवी वाटतं, पण आपलं माणूस कोण हे त्याला अजून कळलेलं नसतं.

शाळा. घाई नको. चार ते बारा आठवडे घरी, आणि त्या काळात एक काम नक्की करा: त्याच्या मातृभाषेत शैक्षणिक चाचणी. वाचन, लेखन, गणित, आकलन. हे पहिल्या तीन महिन्यांतच होतं. भाषा वापरात नसली तर नऊ वर्षांचं मूलसुद्धा ती काही महिन्यांत विसरायला लागतं, आणि मग जुनी भाषा गेलेली, नवी आलेली नाही, अशा मधल्या काळात कोणतीच चाचणी खरी येत नाही. अडचण भाषेची की शिकण्याची, हे शाळेला त्यानंतर कळत नाही आणि दोन-तीन वर्षं वाया जातात. रोजचं बोलणं एक-दोन वर्षांत येतं, पण पुस्तकातली भाषा यायला पाच-सात वर्षं लागतात. चौथीतला मुलगा मैदानावर फाडफाड बोलतो आणि इतिहासाच्या धड्यात गप्प बसतो, ते यामुळे. शिक्षकांना हे लेखी द्या. वर्ग एक वर्ष खालचा घ्यायला हरकत नाही, दोन वर्षं खालचा नको. शरीराने मोठा मुलगा लहानांत एकटा पडतो.

जुनी भाषा टिकवायला आठवड्यातून दोन वेळा त्याच भाषेच्या माणसाशी अर्धा-अर्धा तास बोलणं, एवढं सुरू ठेवा. त्याने नको म्हटलं तर सक्ती करू नका, काही मुलांना त्या भाषेतच भीती वाटते. तेव्हा थांबा आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

धोपटमार्ग:

बाराखडींच्या बहुतेक मुद्द्यांना सहमत, फक्त ‘चार ते बारा आठवडे’ याला एक जोड. दिवसभर घरात राहणं काही मुलांना कोंडल्यासारखं वाटतं; संस्थेत त्यांना गर्दीची आणि घंटेची सवय असते. तसं दिसलं तर सहाव्या आठवड्यापासून रोज दोन तास शाळेत, तुमच्यापैकी एक जण बाहेर बाकावर, अशी सुरुवात करता येते.

नावाचा प्रश्न कोणी विचारला नाही, पण अर्जात रकाना असतो. नऊ वर्षांच्या मुलाचं पहिलं नाव बदलू नका. तुम्ही निवडलेलं नाव त्याला द्यायचंच असेल तर मधलं नाव म्हणून घाला, हुकूम होण्याआधी त्याला विचारून. आणि स्पेलिंग सगळ्या कागदांवर अक्षरशः एकच ठेवा: जन्मदाखला, हुकूम, पासपोर्ट, कलम २३ चं प्रमाणपत्र. एका अक्षराच्या फरकाने नागरिकत्वाचा अर्ज परत येतो आणि दुरुस्तीसाठी पुन्हा तिथल्या कोर्टात जावं लागतं. हुकुमाच्या निदान तीन प्रमाणित प्रती तिथूनच, अपॉस्टिलसह (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी दाखला), घेऊन निघा. घरी आल्यावर मागवल्या तर महिने जातात.

दत्तकोत्तर अहवाल वेळेवर पाठवा. बल्गेरियाला, उदाहरणार्थ, दोन वर्षं दर सहा महिन्यांनी असे चार जातात. मूल आपलं झालं, आता कशाला, म्हणून लोक टाळतात; त्याचा फटका मागून येणाऱ्या कुटुंबांना आणि तिथल्या बालगृहात वाट बघणाऱ्या मुलांना बसतो.

अंगणवेल:

हे सगळं छापून ठेवलंय. फाइल आली की प्रश्नांची यादी संस्थेला पाठवते. मुलीला कधी आणि काय सांगावं, यावरही कोणी लिहाल का?

बाराखडी:

फाइलला होकार दिल्यावर सांगा, त्याआधी नाही. होकार देऊनही दत्तक फसू शकतं, म्हणून ‘कदाचित’ हा शब्द ठेवा. सहा वर्षांच्या मुलीला तीन गोष्टी पुरतात: तो मोठा आहे पण आपल्या घरात नवा आहे, त्याला आपलं बोलणं कळणार नाही, तो ओरडला किंवा तिची वस्तू घेतली तर तिने सांभाळायचं नाही, येऊन सांगायचं. सांगितल्याबद्दल तिला चहाडखोर म्हणायचं नाही. तिच्या न वाटायच्या वस्तूंचं एक कपाट, वरच्या फळीवर, तो येण्याआधी तिच्याकडूनच भरून घ्या. आणि रोज वीस मिनिटं तुमच्यापैकी एक जण फक्त तिचा, तो घरात असताना, ठरलेल्या वेळी. तो आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ही वेळ सर्वांत आधी गळते, म्हणून ती कोण सांभाळणार हे तुम्ही दोघांनी आत्ताच वाटून घ्या.